डाएट प्लॅनमधला पदार्थ घशाखाली उतरत नाही? त्याची बदली अशी शोधा

वजन कमी करण्यासाठी आखलेला प्लॅन हातात आला की बहुतेक जण आधी त्यात न आवडणारं काय आहे ते शोधतात, आणि ते सापडतंच. सकाळी उकडलेली अंडी, दुपारी ब्रोकोली, संध्याकाळी साधं दही. मग दोनपैकी एक काहीतरी घडतं. माणूस आठवडाभर नाक दाबून ते गिळतो आणि एके दिवशी अख्खा प्लॅनच गुंडाळून ठेवतो. नाहीतर नको असलेला पदार्थ वगळून त्या जागी हाताला लागेल ते खातो. महिनाभराने वजनकाटा जागचा हललेला नसतो आणि खापर प्लॅनवर फुटतं.

माझं मत सरळ आहे: आवडत नाही ते खाऊ नका. वजन कमी करण्यासाठी अमुक एक पदार्थ खाल्लाच पाहिजे, असा एकही पदार्थ जगात नाही. ओट्सचं तोंडही न बघता वजन उतरवता येतं, ब्रोकोलीशिवायही येतं. पण नीट आखलेल्या प्लॅनमध्ये प्रत्येक पदार्थाला एक काम दिलेलं असतं आणि ते काम कोणीतरी करावंच लागतं. फुटबॉलच्या सामन्यात गोलकीपर जखमी झाला तर त्याच्या जागी दुसरा गोलकीपरच येतो, आणखी एक फॉरवर्ड नाही. बदली शोधायची ती याच हिशेबाने. खालच्या पायऱ्या पहिल्यांदाच प्लॅन हाती घेतलेल्यांसाठी आहेत. सोबत एक साधा किचन वजनकाटा असेल तर फार बरं. अंदाजाने मोजलेला ‘थोडासा’ भात क्वचितच थोडासा असतो.

पायरी १: पेन घेऊन प्लॅनवर खुणा करा

सगळा आठवडा समोर ठेवा आणि नको असलेल्या पदार्थांना तीन वेगळ्या खुणा करा. ‘हे मी खाऊच शकत नाही’ ही एक. ‘खाईन, पण रोज नको’ ही दुसरी. आणि ‘हे खाल्लं की त्रास होतो’ ही तिसरी.

तिसऱ्या खुणेचं प्रकरण आवडीनिवडीत मोडत नाही. शेंगदाणे खाल्ल्यावर ओठ सुजणं, दूध प्यायल्यावर पोट फुगणं किंवा जुलाब होणं, मासे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठणं, असं काही होत असेल तर तो पदार्थ थेट बंद आणि डॉक्टरांशी बोलणं. तिथे ‘थोडं थोडं खाऊन सवय लावू’ हा प्रयोग घरच्या घरी करायचा नाही.

दुसऱ्या खुणेचे पदार्थ बहुधा बदलावे लागतच नाहीत. सात दिवस तोच नाश्ता असेल तर कोणालाही वीट येतो. तो आठवड्यातून तीनदा ठेवा आणि उरलेल्या दिवसांसाठी एक पर्याय शोधा, म्हणजे काम भागतं. खरी मेहनत पहिल्या खुणेवर घ्यायची. तिथेही लगेच बदलाबदलीला लागू नका, कारण पुढची पायरी बरेच श्रम वाचवते.

पायरी २: पदार्थ नको आहे, की त्याचा हा अवतार नको आहे?

‘मला अंडी आवडत नाहीत’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारायचं: नेमकं काय आवडत नाही? पुष्कळदा उत्तर ‘वास’ असं येतं. तो वास बहुतेक वेळा जास्त उकळण्याने वाढलेला असतो. अंडं गरजेपेक्षा जास्त वेळ उकळत राहिलं की पांढऱ्या भागातून गंधकाचा वायू सुटतो आणि बलकातल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन बलकाभोवती हिरवट-करडं कडं दिसू लागतं. ते कडं दिसलं की समजायचं, वेळ चुकली. पाणी उकळल्यावर साधारण ९ ते १० मिनिटं ठेवून अंडी लगेच गार पाण्यात टाकली तर बलक पिवळाच राहतो आणि वासही खूप कमी येतो. इतकं करूनही नको असेल तर ऑम्लेट करून बघा. तेही नको असेल तर मात्र अंडी खरंच नकोत, पुढे चला.

ब्रोकोली, कोबी, फ्लॉवर यांचंही असंच. जास्त वेळ उकडल्या की या भाज्यांतली गंधकयुक्त संयुगं सुटतात आणि घरभर तो ओळखीचा वास पसरतो. याच भाज्यांचे मोठे तुकडे करून चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये, २०० ते २२० अंश सेल्सियसला वीसेक मिनिटं कडा तपकिरी होईपर्यंत भाजले की चव गोडसर होते. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या तव्यावर, मोठ्या आचेवर, सारखं न हलवता. किंचित मिठाने कडवटपणा कमी जाणवतो. पण इथे तेलावर नजर ठेवा. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी. १०० ग्रॅम ब्रोकोलीत असतात ३४. भाजी रुचकर करण्याच्या नादात तेलाच्या कॅलरी भाजीच्या साडेतीनपट होऊ शकतात.

कडवटपणाबद्दल एक गंमत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड हवेत उडाली. सहकाऱ्याला ती कडूजहर लागली, फॉक्सला चवच कळली नाही. पुढे कळलं की हा फरक जन्मजात असतो आणि त्याचा मोठा वाटा टीएएस२आर३८ नावाच्या एका जनुकाकडे जातो. ब्रोकोली आणि कोबीच्या कुळातल्या भाज्यांत पीटीसीशी मिळतीजुळती कडवट संयुगं असतात. म्हणजे तुमच्या ताटातली ब्रोकोली आणि शेजाऱ्याच्या ताटातली ब्रोकोली चवीला खरोखर वेगळी असू शकते. ‘नखरे’ हा शब्द वापरण्याआधी घरच्यांनी हे ध्यानात घ्यावं.

ओट्सबद्दलची तक्रार बहुतेकदा त्या गिचक्याची असते, चवीची नव्हे. पाणी कमी घालून, पाच मिनिटांऐवजी तीनच मिनिटं शिजवले तर दाणा थोडा जाणवतो. कोरडे भाजून, दळून अंड्याबरोबर धिरड्यासारखे पातळ भाजले तर तो गिचका उरतच नाही. गोड नको वाटत असतील तर भाज्या घालून तिखटमिठाचे करा. थंड-गरम, मऊ-कुरकुरीत, गोड-खारट या तीन बाबतीत एकेकदा उलट करून बघितलं, तरी यादीतले काही पदार्थ सुटतात असा माझा अनुभव आहे.

आणि कधी कधी नावड पदार्थाची नसतेच, खटाटोपाची असते. सकाळी सातला घर सोडणाऱ्याला ग्रिल केलेला मासा नको असतो, कारण तो कोण करणार? अशा वेळी तेच काम करणारी, पण न शिजवता खाता येईल अशी वस्तू शोधायची, एवढंच.

पायरी ३: त्या पदार्थाचं काम ओळखा

इथे थोडा जुना इतिहास उपयोगी पडतो. १९५० साली अमेरिकेतल्या मधुमेह आणि आहारतज्ज्ञांच्या संघटनांनी तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेबरोबर मिळून ‘एक्स्चेंज लिस्ट’ तयार केली. कल्पना साधी होती: पदार्थांचे गट पाडायचे, प्रत्येक गटातल्या पदार्थाचं एक ‘माप’ असं ठरवायचं की कुठलाही दुसऱ्याच्या जागी घेता यावा, आणि रुग्णाला म्हणायचं, ‘या गटातलं काहीही घ्या.’ ती मूळची मधुमेहींसाठी होती, पण वजन कमी करणाऱ्यांनाही तिचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. प्रत्येक गटाच्या एका मापात साधारण एवढं असतं:

पिठूळ पदार्थ (भात, ब्रेड, बटाटा, ओट्स, मका, मटार): १५ ग्रॅम कर्बोदकं, सुमारे ८० कॅलरी.
फळं: १५ ग्रॅम कर्बोदकं, सुमारे ६० कॅलरी.
बिनपिठूळ भाज्या: ५ ग्रॅम कर्बोदकं, सुमारे २५ कॅलरी.
साय काढलेलं दूध: ८ ग्रॅम प्रोटीन, १२ ग्रॅम कर्बोदकं, सुमारे १०० कॅलरी.
कमी चरबीचे प्रोटीनवाले पदार्थ: ७ ग्रॅम प्रोटीन, सुमारे ४५ कॅलरी.
स्निग्ध पदार्थ: ५ ग्रॅम चरबी, सुमारे ४५ कॅलरी.

हे आकडे पाठ करायचे नाहीत. नको असलेल्या पदार्थापुढे गटाचं नाव लिहायचं, बस. एखाद्या पदार्थाची दोन कामं असतात, तीही लिहा. डाळी आणि कडधान्यं प्रोटीनही देतात आणि पिठूळही असतात. बांगडा किंवा सामनसारखे तेलकट मासे प्रोटीनबरोबर ओमेगा-३ ही शरीराला लागणारी चरबीही देतात. दही प्रोटीन देतं आणि कॅल्शियमही. बदली एकच काम करत असेल तर दुसरं कोण करणार, हे तेव्हाच दिसतं.

पायरी ४: गटातल्या गटात बदला, पण मापाने

भाज्यांपासून सुरुवात करू, कारण तिथे फारसं काही चुकत नाही. ब्रोकोली, फ्लॉवर, कोबी, पालक, सिमला मिरची, काकडी, टोमॅटो, फरसबी, मशरूम, झुकिनी यांत १०० ग्रॅममागे साधारण १५ ते ३५ कॅलरी असतात. एकीच्या जागी दुसरी बिनधास्त घ्या. ब्रोकोली ‘क’ जीवनसत्त्वासाठी दिली असेल तर लाल सिमला मिरचीत ते तिच्यापेक्षाही जास्त असतं. अपवाद फक्त मटार, मका आणि बटाट्याचा. ते भाजी म्हणून वाढले तरी हिशेबात पिठूळच.

पिठूळ गटात एका मापाला साधारण ६० ग्रॅम शिजलेला भात, ८५ ग्रॅम उकडलेला बटाटा, ब्रेडचा एक स्लाइस किंवा २० ग्रॅम कोरडे ओट्स येतात. बटाट्याचं नाव काढलं की डाएटवाले दचकतात, पण ते अन्यायाचं आहे. १९९५ साली सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थ सारख्याच कॅलरींच्या मापाने देऊन कशाने किती वेळ पोट भरलेलं वाटतं ते मोजलं गेलं. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ गुण मिळाले आणि तो पहिला आला. क्रोइसाँला, म्हणजे लोणी घातलेल्या फ्रेंच पावाला, ४७ मिळाले आणि ते शेवटचं. तेव्हा प्लॅनमधला भात नको असेल आणि जेवणानंतर तासाभरात पोटात कावळे ओरडत असतील, तर उकडलेला बटाटा ही वाईट बदली नाही. तळलेल्या बटाट्याचा या वाक्याशी संबंध नाही.

इथेच नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत होते ती कच्च्या आणि शिजलेल्या वजनात. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३६० कॅलरी असतात, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३०. चिकनचं उलट: शिजताना पाणी जातं, म्हणून १०० ग्रॅम कच्च्या चिकन ब्रेस्टमध्ये साधारण १२० कॅलरी आणि २२ ग्रॅम प्रोटीन, तर शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये १६५ कॅलरी आणि ३१ ग्रॅम प्रोटीन. प्लॅनमध्ये कोणतं वजन धरलंय ते लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या. तुमच्या बदलीचंही तसंच वजन करा. एक कच्चं आणि दुसरं शिजलेलं मोजलं तर तुलनेला अर्थ उरत नाही.

आता प्रोटीन, जिथे खरी गुंतागुंत आहे. वजन उतरताना स्नायू टिकावेत आणि भूक आवरावी म्हणून प्लॅनमध्ये प्रोटीन मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं. प्रौढ माणसाची किमान गरज किलोमागे ०.८ ग्रॅम धरतात, वजन कमी करताना बरेच तज्ज्ञ १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत जातात. म्हणजे हा गट ढिला सोडता येत नाही. साधारण २० ग्रॅम प्रोटीन कशातून किती कॅलरींत मिळतं, ते बघा. शिजलेलं चिकन ब्रेस्ट ६५ ग्रॅम, सुमारे ११० कॅलरी. शिजलेला पांढरा मासा ९० ग्रॅम, शंभरेक कॅलरी. बिनचरबीचं, पाणी गाळलेलं घट्ट दही २०० ग्रॅम, १२० कॅलरी. तीन अंडी, २१५ च्या आसपास. शिजलेली मसूर २२० ग्रॅम, २५५. शिजलेले काबुली चणे २२५ ग्रॅम, ३७०. बदाम ९५ ग्रॅम, ५५०. टोफू किती घट्ट आहे त्यावर त्याचं प्रोटीन खूप बदलतं, तिथे पाकिटावरचा ‘१०० ग्रॅममध्ये’ हा रकाना वाचायचा.

ही रांग नीट बघितलीत तर बऱ्याच ‘आरोग्यदायी’ बदल्या का फसतात ते कळेल. ‘चिकनऐवजी मूठभर बदाम’ हे वाक्य कानाला छान लागतं. पण मूठभर म्हणजे २८ ग्रॅम बदामांत ६ ग्रॅम प्रोटीन आणि १६४ कॅलरी असतात. बदाम उत्तम पदार्थ आहे, फक्त तो स्निग्ध गटाचा. त्याची अदलाबदल तेलाशी, अव्होकाडोशी, शेंगदाण्याच्या बटरशी करा: सहा-सात बदाम, साधारण ३० ग्रॅम अव्होकाडो किंवा एक छोटा चमचा तेल, हिशेब जवळपास सारखाच.

फळांचं थोडक्यात: अख्ख्या फळाच्या जागी अख्खं फळ. सफरचंद नको तर संत्रं, पेअर, पपई, द्राक्षं. सुक्या फळांत पाणी नसतं, त्यामुळे १०० ग्रॅम मनुकांत ३०० कॅलरी आणि १०० ग्रॅम द्राक्षांत ७० असा फरक पडतो. मनुका घ्यायच्या तर चमच्याने मोजा, मुठीने नको.

एक ताट मांडून बघू

समजा दुपारच्या जेवणात १०० ग्रॅम शिजलेलं चिकन, १५० ग्रॅम भात आणि हवी तेवढी भाजी दिली आहे. चिकनच्या १६५ आणि भाताच्या १९५, म्हणजे भाजी सोडून ३६० कॅलरी. प्रोटीन ३५ ग्रॅम. तुम्हाला चिकन नको, मसूर चालते.

मनात पहिली येते ती बदली अशी: १०० ग्रॅम चिकन काढलं, १०० ग्रॅम मसूर ठेवली. कॅलरी घटल्या, पण प्रोटीन ३५ वरून थेट १३ वर आलं. चार वाजता भूक लागणारच. दुसरा टोकाचा प्रकार म्हणजे चिकनएवढं प्रोटीन मसुरीतूनच काढायचं. त्यासाठी साडेतीनशे ग्रॅम मसूर लागेल. चारशे कॅलरी तिच्याच, वर भात आहेच, आणि एवढी मसूर एका बैठकीत संपवणं हे खायचं काम नाही.

आता मसुरीला दोन कामं आहेत हे धरून चला. ती पिठूळही आहे, म्हणून भातातला वाटा तिला देऊ. मसूर २०० ग्रॅम: २३० कॅलरी, १८ ग्रॅम प्रोटीन. भात १५० वरून ५० ग्रॅम: ६५ कॅलरी, १ ग्रॅम प्रोटीन. आणि वर बिनचरबीचं घट्ट दही १०० ग्रॅम: ६० कॅलरी, १० ग्रॅम प्रोटीन. बेरीज ३५५ कॅलरी, २९ ग्रॅम प्रोटीन. राहिलेले पाच-सहा ग्रॅम दिवसभरात एका अंड्यातून किंवा थोड्या जास्तीच्या दह्यातून सहज भरून निघतात. प्रत्येक ताटात आकडा जुळलाच पाहिजे असं नाही. दिवसाची बेरीज जमली की झालं.

या ताटात आणखी एक बदल गुपचूप झालाय. २०० ग्रॅम मसुरीतून जवळपास १६ ग्रॅम फायबर आलं, चिकनमध्ये ते शून्य होतं. पोट जास्त वेळ भरलेलं राहील हा फायदा. पण सवय नसेल तर पहिले काही दिवस गॅसेस होतील, म्हणून सुरुवात १०० ग्रॅमने करा, दोन-तीन आठवड्यांत वाढवा आणि पाणी भरपूर प्या.

तेच चिकन, पण बदली पांढऱ्या माशाची असती तर हा सगळा खटाटोप लागला नसता. भात तसाच ठेवून फक्त माप बदललं की झालं. प्राणिजन्य प्रोटीनच्या जागी वनस्पतिजन्य प्रोटीन येतं तेव्हा बहुधा ताटातल्या दुसऱ्या कोणाला तरी सरकावं लागतं.

फसव्या बदल्या

फळाऐवजी रस. मध्यम संत्र्यात ६० च्या आसपास कॅलरी आणि ३ ग्रॅम फायबर असतं. रसाच्या एका ग्लासात ११० कॅलरी आणि फायबर नावाला. संत्रं खायला पाच मिनिटं लागतात, रस दोन घोटांत संपतो.

ओट्सऐवजी ग्रॅनोला. दिसायला चुलत भाऊ, पण त्यात साखर आणि तेल घातलेलं असतं. शिवाय ग्रॅनोला वजन करून कोणी घेत नाही, बाऊल भरून घेतात. प्लॅनमधले ४० ग्रॅम ओट्स दीडशे कॅलरींचे. भरलेला बाऊल सहज साडेतीनशेच्या पुढे जातो.

साध्या दह्याऐवजी फळांचं गोड दही. आंबटपणा नको असेल तर साध्या दह्यात अर्धं केळं कुस्करा, काय पडलं ते तुम्हाला माहीत असेल. दुधाऐवजी बदामाचं पेय घेतलं तर कॅलरी घटतात खऱ्या, पण ग्लासातलं ८ ग्रॅम प्रोटीन १ ग्रॅमवर येतं. गाईच्या दुधाच्या सगळ्यात जवळ सोयाचं पेय जातं, तेही कॅल्शियम घातलेलं घ्यावं आणि खोकं चांगलं हलवून ओतावं, कारण घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं.

‘ग्लुटेन-फ्री’, ‘शुगर-फ्री’, ‘ऑरगॅनिक’ हे शब्द पाकिटावर बघून केलेली बदली माझ्या लेखी बदलीच नव्हे. ग्लुटेन-फ्री बिस्कीट हे बिस्कीटच असतं.

आणखी एक फसवी बदली आहे, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही: अति आवडता पदार्थ. न आवडणारं काढून त्या जागी जीव टाकावा इतकं आवडणारं आणलं, की माप पाळणं अवघड होतं. साध्या दह्याच्या जागी चीज आणलं आणि चीजच्या पाकिटासमोर तुमचं काही चालत नसेल, तर कागदावरचा हिशेब कितीही बरोबर असला तरी ती बदली टिकणार नाही. चवीने खावं असं हवं, पण ‘आता पुरे’ म्हणून डबा बंद करता येईल असं हवं.

अख्खा गटच नको असेल तर

एखादी भाजी नको आणि भाज्याच नकोत, यात फरक आहे. भाज्याच नको असतील तर त्या दिसेनाशा करणं हा प्रामाणिक मार्ग: सूपमध्ये मिक्सरमधून काढून, सॉसमध्ये किसून, ऑम्लेटमध्ये बारीक चिरून. सुरुवात काकडी, गाजर, सिमला मिरची अशा गोडसर आणि कुरकुरीत भाज्यांनी करावी. त्या कडू नसतात आणि शिजवाव्याही लागत नाहीत.

मासे अजिबात नकोत, तर प्रोटीनची सोय सहज होते, ओमेगा-३ ची होत नाही. अक्रोड आणि जवसातून मिळणारा प्रकार वेगळा असतो आणि शरीर त्यातला फार थोडाच माशातल्या प्रकारात बदलू शकतं. शेवाळापासून काढलेल्या तेलाच्या कॅप्सूल हा पर्याय आहे, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. दुधाचे पदार्थ गेले की कॅल्शियम आणि काही ठिकाणी आयोडिन यांकडे बघावं लागतं. मांस, मासे, अंडी, दूध हे सगळंच बंद केलं तर बी-१२ ची गोळी किंवा ते घातलेले पदार्थ लागणारच. नुसत्या डाळी-भाज्यांतून ते भरवशाने मिळत नाही. लोहासाठी कडधान्यं आणि पालेभाज्यांवर विसंबायचं तर त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असलेलं काही घ्या, लिंबू पिळलं तरी चालेल. चहा-कॉफी जेवणाला लागून घेऊ नका, त्यांनी लोह कमी शोषलं जातं.

यांनी विचारल्याशिवाय बदलू नये

रक्त पातळ राहण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नये. त्यांतल्या ‘के’ जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो, म्हणजे ‘पालकाऐवजी काकडी’ ही बदलीही त्यांच्यासाठी निरुपद्रवी नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर बटाटा, केळी, पालक, कडधान्यं यांतलं पोटॅशियम आणि एकूण प्रोटीन, दोन्ही मोजून दिलेलं असतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना पिठूळ पदार्थ स्वतःहून कमी केले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. ग्रेपफ्रूट काही कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या औषधांशी जुळत नाही. गरोदरपण, अंगावर पाजणं, किंवा खाण्याच्या विकाराचा इतिहास असेल तरी आधी विचारा.

आहारतज्ज्ञांना विचारताना ‘मला हे आवडत नाही, काय करू?’ एवढंच म्हटलं तर उत्तर मोघम येतं. त्यापेक्षा असं विचारा: ‘सकाळची दोन अंडी मला नकोत. त्याऐवजी १२० ग्रॅम घट्ट दही घेतलं तर चालेल का? आणि अंड्यातून मिळणारं आणखी काही सुटतंय का?’ अशा प्रश्नाला दोन ओळींत नेमकं उत्तर मिळतं. प्लॅन बनवणारा माणूस अशा प्रश्नांवर चिडत असेल, तर पदार्थाच्या आधी त्याची बदली शोधलेली बरी.

पायरी ५: बदली लावा आणि दोन आठवडे बघा

एका वेळी एक-दोनच बदल करा. पाच पदार्थ एकदम बदललेत आणि भूक वाढली, तर ती कशामुळे वाढली ते कधीच कळणार नाही. बदललेल्या जेवणानंतर तीन तासांनी भूक किती आहे ते एक ते पाच आकड्यांत लिहून ठेवा. वजनापेक्षा हा आकडा लवकर बोलतो.

वजन दोन दिवसांत वर गेलं म्हणून बदली फेकून देऊ नका. शरीरात कर्बोदकांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात होतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. बदलीत पिठूळ थोडं जास्त असेल तर काट्यावर किलोभर पाणी दिसू शकतं, कमी असेल तर तेवढंच खोटं यशही दिसतं. खारट पदार्थही हेच करतात. रोज सकाळी त्याच वेळी वजन करून आठवड्याची सरासरी काढा आणि दोन आठवड्यांच्या सरासऱ्या ताडून बघा.

सरासरी हलत नसेल तर आधी बदलीचं माप पुन्हा काट्यावर घाला, मगच प्लॅनला हात लावा. वजनही उतरतंय आणि भूकही आटोक्यात आहे असं दिसलं की ती बदली प्लॅनवर पेनाने लिहून टाका. प्रत्येक नावडत्या पदार्थापुढे अशा दोन बदल्या असाव्यात, एक घरी शिजवण्याची आणि एक न शिजवता खाण्याची.

काढून टाकलेल्या पदार्थांपैकी ज्यांचा फक्त कंटाळा किंवा किंचित नावड होती, त्यांचा एखादा घास महिन्यातून दोन-तीनदा, भूक लागलेली असताना आणि वेगळ्या रूपात, खाऊन बघायला हरकत नाही. मुलांवरच्या अभ्यासांत नवी भाजी आवडू लागायला आठ-दहा वेळा, काहींना पंधरा वेळाही चाखावी लागते असं दिसलंय. मोठ्यांचीही जीभ थोडीफार बदलते. घास नकोसा वाटला तर तो तिथेच ठेवा, तुमची बदली ताटात आहेच.